गाडी उंच करायची, म्हणजे नेमकं काय मोजायचं?

संशोधनाचा विषय विचारला की आपल्यापैकी बरेच जण विषय सांगत नाहीत, वस्तू सांगतात. 'मी ड्रोनवर काम करणार', 'मी सेन्सरवर काम करणार'. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या प्रस्तावाचं शीर्षक होतं, 'दुर्गम भागातील उंच केलेल्या पिकअप वाहनासाठी उंची बदलता येणारे एअर सस्पेन्शन'. खाली सुट्या भागांची दोन पानी यादी होती. एअर बॅग, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, सगळं किमतीसकट.

आमच्या गाईड मॅडमनी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?"

या लेखात मी त्या यादीचं पुढे काय झालं ते सांगणार आहे. गाडीला अजून एकही एअर बॅग लागलेली नाही, हे आधीच सांगतो. पण योजना पूर्ण बदलली, आणि ती कशी बदलली हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं वाटतं. यांत्रिकीचे नसाल तरी वाचा. गणित बारावीच्या पुढचं नाही.

आधी रस्ता

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला गेलं, की पुढे भामरागडचा रस्ता जंगलात शिरतो. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग आजही जंगल आहे. मुख्य रस्ता सोडून टोल्याकडे वळलं की डांबर संपतं. मग मुरूम, नाल्यावरचे रपटे, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि उन्हाळ्यात कंगव्यासारख्या बारीक लाटा पडलेली वाट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो.

अशा वाटेवर फिरत्या दवाखान्याची गाडी जाते. मागे कधी बाळंतपणासाठी निघालेली बाई झोपलेली असते, कधी साप चावलेला माणूस. माझा विचार सरळ होता. गाडी उंच हवी, म्हणजे दगड लागणार नाहीत. सस्पेन्शन हवेचं हवं, म्हणजे धक्के बसणार नाहीत. शिवनेरीत बसल्यावर कसं गुळगुळीत वाटतं, तसं. ताडोबात जिप्सीतून सफारी केलेल्यांना पाट्यांचं सस्पेन्शन पाठीला आठवत असेलच. मग पाटे काढा, हवा भरा. एवढं सोपं असताना कोणी केलं का नाही?

'उंची' या एका शब्दात तीन गोष्टी

पहिला धडा मला पुस्तकाने दिला नाही, एका ड्रायव्हर काकांनी दिला. मी त्यांना योजना समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "गाडी वर उचलून का फायदा जी? मधला गोळा तं तितकाच खाली राहते ना."

मधला गोळा म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेलं डिफरन्शियल. ज्या गाडीला मागे एकसंध ॲक्सल आहे, तिथे हा गोळा चाकांना जोडलेला असतो, बॉडीला नाही. एअर बॅगने बॉडी ५० मिमी वर गेली तरी गोळा जागचा हलत नाही. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. चाकोरीच्या मधला दगड ज्या गोळ्याला लागणार होता, तो त्यालाच लागणार.

मग बॉडी उचलून मिळतं काय? नाल्यात उतरताना पुढचा बंपर आणि चढताना मागचा बंपर घासत नाही. दोन चाकांच्या मधलं पोट टेकत नाही. मोठे टायर बसायला जागा होते. म्हणजे 'उंची' या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या: गोळ्याखालची मोकळी जागा, बंपरचे कोन आणि पोटाखालची जागा. पहिलीसाठी एअर बॅगचा शून्य उपयोग. मी प्रस्तावात मात्र तिन्हींना मिळून 'ग्राउंड क्लिअरन्स' असा एकच शब्द लिहिला होता.

उंचीची किंमतही आहे. गाडी कडेला कलंडण्याची शक्यता ढोबळमानाने एका साध्या भागाकारातून कळते. दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध, भागिले गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधलं अंतर १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.९५ मीटरवर धरला, तर उत्तर ०.८९ येतं. गुरुत्वमध्य ५ सेंमी वर गेला की ०.८५. आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर उलटते. दवाखान्याच्या गाडीला वर केबिन असते, म्हणजे गुरुत्वमध्य आधीच वर. म्हणून 'कायम उंच' ही कल्पना मी तिथेच सोडली. नाला ओलांडताना उंच आणि रस्त्यावर परत खाली, एवढंच टिकलं. उंची बदलता येणं हे या योजनेत चैनीसाठी नाही, या भागाकारासाठी आहे.

हवेची स्प्रिंग खरंच मऊ असते का?

आता धक्क्यांकडे वळू. स्प्रिंगवर वजन ठेवून दाबून सोडलं की ते एका ठरावीक गतीने वरखाली होतं. ही त्याची नैसर्गिक वारंवारता. ती जितकी कमी, तितके रस्त्याचे जलद धक्के बॉडीपर्यंत कमी पोहोचतात. साध्या स्प्रिंगसाठी सोपं सूत्र आहे: वजनाने स्प्रिंग जितके मिलिमीटर बसते, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा, ते येतं.

हिशोबासाठी काही आकडे धरू. मागच्या दोन्ही पाट्यांची मिळून ताठरता मिलिमीटरला १२० न्यूटन. मागच्या ॲक्सलवर बॉडीचं वजन रिकामं ९०० किलो, भरलेलं १५०० किलो. रिकाम्या गाडीत पाटे सुमारे ७४ मिमी बसतात, वारंवारता १.८४ हर्ट्झ. भरलेल्या गाडीत १२३ मिमी, वारंवारता १.४३ हर्ट्झ. म्हणजे रिकामी पिकअप जास्त उडते. हा अनुभव सगळ्यांनाच आहे.

एअर बॅगचं गणित वेगळं. वजन वाढलं की आपण दाब वाढवतो, आणि दाबाबरोबर ताठरताही वाढते. बॅगचं परिणामी क्षेत्रफळ १५० चौरस सेंमी आणि आतलं आकारमान अडीच लिटर धरलं, तर रिकाम्या गाडीला सुमारे २.९ बार आणि भरलेल्या गाडीला ४.९ बार दाब लागतो. ताठरता काढताना या आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवायला विसरू नका. ही चूक मी दोनदा केली आहे. वारंवारता येते रिकाम्यात १.६१ आणि भरलेल्यात १.५३ हर्ट्झ. वजन इतकं बदलूनही जवळपास तीच. एअर सस्पेन्शनच्या प्रत्येक जाहिरातीत हाच फायदा सांगतात आणि तो खरा आहे.

पण आता मॅडमचा दुसरा प्रश्न ऐका. "तुझ्या गाडीचं वजन रोज किती बदलतं?"

मालवाहू पिकअप सकाळी रिकामी, संध्याकाळी भरलेली. दवाखान्याच्या गाडीत केबिन, खाट, सिलिंडर, औषधांची कपाटं कायमची असतात. बदलतो तो एक रुग्ण आणि सोबतची दोन माणसं. समजा १३०० चे १५०० किलो झाले. मग पाट्यांवरही वारंवारता १.५३ वरून १.४३ इतकीच सरकते. वर पाहा, भरलेल्या गाडीत माझी एअर बॅग १.५३ देत होती. कागदावर तरी माझी महागडी बॅग जुन्या पाट्यांपेक्षा किंचित वाईटच ठरत होती.

मी त्या दिवशी यादी फाडून टाकायच्या बेतात होतो.

कागद आणि पाटे यांच्यातला फरक

मग तरीही पाट्यांची गाडी बारीक लाटांवर इतकी का थडथडते? उत्तर घर्षणात आहे. पाटे एकावर एक रचलेले असतात. वाकताना ते एकमेकांवर घासतात. मोठा खड्डा आला तर घर्षण मोडून पाटे वाकतात. पण बारीक लाटांवर बळ घर्षण मोडण्याइतकं नसतं, तेव्हा पाट्यांचा संच जवळपास एका अखंड पट्टीसारखा वागतो. धूळ, चिखल आणि गंज यांनी घर्षण वाढतं. मग काम करतो तो फक्त टायर. माझ्या सूत्रातला १.४३ हर्ट्झ हा घर्षण नसलेल्या पाट्यांचा आकडा होता, आणि तसे पाटे कुठल्याच गाडीला नसतात.

एअर बॅगमध्ये हे घर्षण फारच कमी असतं. म्हणजे माझ्या रस्त्यासाठी एअर बॅगचा खरा युक्तिवाद 'वजन बदललं तरी वारंवारता तीच' हा नव्हताच. 'बारीक लाटांवर पाटे अडकतात, बॅग अडकत नाही' हा होता. जाहिरातीतलं कारण उचलून मी प्रस्तावात टाकलं होतं. ते खरं होतं, पण दुसऱ्या गाडीसाठी.

विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात ठेवा. एखादं तंत्रज्ञान चांगलं का आहे, याचं कारण तुमच्या जागेवर, तुमच्या आकड्यांनिशी परत तपासावं लागतं.

माझा सुंदर आणि खोटा आलेख

आता मोजमापाकडे येतो. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतं. शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१-१ हे मानक आहे. त्यात प्रत्येक वारंवारतेला शरीराच्या संवेदनशीलतेप्रमाणे कमीजास्त वजन देऊन एकच त्वरणाचा आकडा काढतात. तो ०.३१५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर त्रास नाही, २ च्या वर असेल तर असह्य, अशी ढोबळ पट्टीही त्यात आहे.

मी उत्साहात मोबाइल खाटेवर बांधला, त्वरण नोंदवणारं ॲप सुरू केलं आणि एक फेरी मारून आलो. घरी आलेख काढला तर बरोबर ८ हर्ट्झला मोठं शिखर! शरीराला बाधणाऱ्या पट्ट्यातच! वाटलं, झालं, शोधनिबंधाची पहिली आकृती मिळाली.

मॅडमनी विचारलं, "सेकंदाला किती नोंदी घेतल्यास?" ॲप सेकंदाला २० नोंदी घेत होतं. २० नोंदींत फक्त १० हर्ट्झपर्यंतचीच कंपनं खरी दिसतात. त्यापुढची आरशात पाहिल्यासारखी उलटी दुमडून खाली दिसतात. १२ हर्ट्झचं कंपन २० वजा १२, म्हणजे ८ हर्ट्झला दिसतं. सिनेमात चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. योग्य गाळणी लावून सेकंदाला कित्येक पट जास्त नोंदी घेतल्या, तेव्हा शिखर ८ वरून उठलं आणि १२ च्या जवळ जाऊन बसलं.

१२ हर्ट्झला काय असतं? साधारण १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान ॲक्सल स्वतःच टायरवर नाचत असतो. वाटेवरच्या लाटा ८० सेंमी अंतरावर असतील आणि गाडी ताशी ३६ किमीने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने जात असेल, तर सेकंदाला १२.५ धक्के बसतात. ॲक्सल नाचायला एवढं निमित्त पुरे. हा नाच मुख्यतः टायरची ताठरता, ॲक्सलचं वजन आणि शॉक ॲब्झॉर्बर यांवर ठरतो. बॉडीखालची स्प्रिंग बदलून तो फारसा बदलत नाही.

खोट्या शिखरावर विश्वास ठेवला असता तर मी एअर बॅगचा खर्च केला असता, आणि ज्या कंपनाने खाट थडथडत होती ते तसंच राहिलं असतं. रुग्णाला फरक पडला नसता. माझा निबंध मात्र कदाचित छापूनही आला असता. या विचाराने मला अजूनही अस्वस्थ वाटतं.

स्वस्त प्रतिस्पर्ध्याशी आधी लढत

यातून योजनेचा गाभा ठरला. 'एअर सस्पेन्शन बसवल्यावर धक्के कमी झाले' हे सिद्ध करणं सोपं आहे. नवीन काहीही बसवा, जुन्या झिजलेल्या गाडीपेक्षा बरंच निघेल. तुलना करायची ती सर्वांत स्वस्त पर्यायाशी. माझ्या यादीत आता एअर बॅगच्या आधी हे चार आहेत:

१. वेग कमी करणं. त्याच लाटांवर ताशी २० किमीला धक्क्यांची वारंवारता सुमारे ७ हर्ट्झवर येते. ॲक्सलचा नाच थांबेल, पण धक्के शरीराच्या संवेदनशील पट्ट्यात येतील. म्हणजे 'हळू चालवा' हा सल्लासुद्धा मोजल्याशिवाय देता येत नाही.

२. टायरमधली हवा, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत.

३. नवे शॉक ॲब्झॉर्बर आणि साफ करून परत बसवलेले पाटे.

४. खाटेखालचा आधार बदलणं. गाडीऐवजी फक्त रुग्णाला वेगळं करणं.

प्रयोगाचा आराखडा असा. एकच ड्रायव्हर, एकच ठरलेला तुकडा, ठरलेला वेग. टायर तापतात, वाट मोडत जाते, म्हणून सकाळी सगळे 'जुने' आणि दुपारी सगळे 'नवे' असं करायचं नाही. जुना, नवा, नवा, जुना असा क्रम ठेवायचा. सेन्सर एक ॲक्सलवर, एक चॅसीवर आणि एक खाटेवर. पत्र्यावर दुहेरी टेपने चिकटवायचा नाही, नाहीतर पत्र्याचंच कंपन मोजलं जातं. खाटेवर सुरुवातीला माणूस नाही, वाळूची पोती. पोतं माणसासारखं वागत नाही, हे निबंधात स्पष्ट लिहायचं. माणूस झोपवायचा तर आधी नीतिमत्ता समितीची परवानगी. आणि सगळ्याच्या आधी वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यायचा.

एवढं करूनही एअर बॅगच जिंकली तर

तर मग बांधणीचे प्रश्न येतात. पहिला: जंगलात बॅग फुटली तर गाडी परत कशी येणार? पाट्यांतला एक पाटा तुटला तरी गाडी रखडत आलापल्लीपर्यंत येते. शिवाय पाटे फक्त वजन पेलत नाहीत, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. बॅगला ते जमत नाही. पाटे पूर्ण काढले तर ॲक्सल धरायला वेगळे दांडे लागतात आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत. म्हणून माझी योजना आता कमी पाट्यांचा संच आणि सोबत मदतनीस बॅग, अशी आहे. बॅग फुटली तर उरलेले पाटे आणि रबरी बंप स्टॉप यांवर गाडी हळू परत आली पाहिजे, ही अट मी सगळ्यात वर लिहिली आहे.

दुसरा: डाव्या आणि उजव्या बॅगची नळी एकच ठेवायची नाही. वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी झुकते. तिसरा: पावसाळ्यातली दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचतं, म्हणून हवा कोरडी करणारा ड्रायर आणि टाकीला खाली निचऱ्याचा नळ हवाच. चौथा: हवा किती लागते? वरच्याच आकड्यांनी दोन्ही बॅगा ५० मिमी उचलायला वातावरणातली सुमारे ९ लिटर हवा लागते. मिनिटाला ३० लिटर देणारा छोटा कॉम्प्रेसर ती १८ सेकंदांत भरतो. मी यादीत लिहिलेला कॉम्प्रेसर गरजेपेक्षा बराच मोठा होता.

पाचवा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. रुग्णवाहिकांच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे वेगळं मानकही आहे. तेव्हा गाडी एमएच-३३ असो की एमएच-३४, आधी नोंदणी कार्यालयाशी बोला. जॅक लावायची वेळ त्यानंतर येते. 'संशोधनासाठी केलं' म्हणून सूट मिळत नाही. आणि पुराचं पाणी रपट्यावरून वाहत असेल तर कितीही उंच गाडी पाण्यात घालायची नाही. पाणी गाडीला उचलतं आणि तिची चाकं जमिनीवरची पकड सोडतात. तिथे उत्तर सस्पेन्शन नाही, पूल आहे.

आता प्रश्न कुठे आहे?

दोन पानी यादीऐवजी आता माझ्या प्रस्तावात एक वाक्य आहे: 'बारीक लाटांच्या कच्च्या वाटेवर, ठरलेल्या वेगाला, खाटेवरच्या रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या उभ्या कंपनांत पाट्यांच्या घर्षणाचा वाटा किती, आणि मदतनीस एअर बॅग तो वाटा स्वस्त पर्यायांपेक्षा जास्त कमी करते का?'

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी चालेल. तेव्हाही फिरत्या दवाखान्याला काहीतरी कळेल: पैसा बॅगवर घालू नका, शॉक ॲब्झॉर्बर बदला, किंवा खाटेचा आधार बदला. जुन्या प्रस्तावात 'नाही' या उत्तराला जागाच नव्हती. म्हणून तो संशोधनाचा प्रस्ताव नव्हता, खरेदीचा होता.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा आणि त्यातल्या वस्तूचं नाव खोडा. मग चार ओळी लिहा: काय मोजणार, कशाने मोजणार, त्या साधनाला काय दिसत नाही, आणि सर्वांत स्वस्त पर्याय कोणता. खोडलेल्या नावाशिवाय शीर्षक उभं राहिलं तर विषय आहे. नाही राहिलं, तर गाडी असणाऱ्या एखाद्या काकांशी बोलून या. मला तिथूनच सुरुवात मिळाली होती.